मांडी घालता येईना, तेव्हा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय विषयावर बोलण्यासाठी एका कापडाच्या व्यापाऱ्याला उभे करावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. तागे मोजण्यात आणि खातेवह्या लिहिण्यात माझी चाळीसहून अधिक वर्षे गांधीबागेत गेली. परंतु आपल्या संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. अर्ज वाचणे, रुग्णालयाचे अंदाजपत्रक तपासणे, धनादेशावर सही करणे, एवढेच ते काम. ते करीत असताना एका आजाराचे नाव माझ्या डोळ्यांसमोरून वारंवार जाऊ लागले, आणि पुढे तोच आजार माझ्या दुकानात येऊन बसला. आज जे सांगणार आहे, ते मी एका अस्थिरोगतज्ज्ञ स्नेह्यांकडून दोनदा तपासून घेतले आहे. तरीही कुठे चूक राहिली असेल, तर ती माझ्या समजुतीची आहे असे मानावे.

त्या आजाराचे इंग्रजी नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. डॉक्टर मंडळी ‘एव्हीएन’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा भाग निर्जीव होणे. शरीरात तो गुडघ्याला, खांद्याला, घोट्यालाही होतो. परंतु त्याचे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे खुब्याचा सांधा.

प्रथम दुकानातील गोष्ट सांगतो. कापडाच्या जुन्या पेढ्यांत आजही गादीवर मांडी घालून बसण्याची पद्धत आहे. ग्राहक समोर, मध्ये पांढरी चादर, आणि विक्रेता बसल्या जागी एकामागून एक साडी उलगडतो. आमच्याकडे त्या कामात अत्यंत तरबेज असा एक मुलगा होता. वय बत्तीस. २०२१ च्या एप्रिल महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो रुग्णालयात दाखल झाला. नागपूरने ते दिवस कसे काढले, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. प्राणवायू लागला, स्टिरॉइडची इंजेक्शने झाली, घरी आल्यावरही काही आठवडे गोळ्या चालू राहिल्या, आणि मुलगा वाचला. आम्ही दुकानात पेढे वाटले.

त्याच वर्षीच्या दिवाळीच्या हंगामात माझ्या लक्षात आले की, हा मुलगा गादीवर बसेनासा झाला आहे. उभ्याने साड्या दाखवी. बसलाच तर डावा पाय लांब करून बसे. समोर ग्राहक असताना पाय पसरून बसणे आमच्या धंद्यात शोभत नाही. मी त्याला दोनदा, तेही चारचौघांत, बोललो. तो म्हणाला, “काका, गुडघा दुखतो.” मी त्याला मलम आणून दिले. कोण्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला. पुढे कोणी सायटिका म्हटले, म्हणून कमरेचा एमआरआय झाला. त्यातही विशेष काही नव्हते. वेदनाशामक गोळ्यांवर हिवाळा गेला, उन्हाळा गेला. २०२२ च्या जून महिन्यात तो उघड लंगडू लागला, तेव्हा एका वृद्ध अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला पाठीवर झोपवले, गुडघा वाकवला, आणि पाऊल बाहेर नेत मांडी आतल्या बाजूस वळवून पाहिली. मुलगा कळवळला. डॉक्टरांनी त्याच क्षणी सांगितले, “गुडघ्याचे सोडा. खुब्याचा एमआरआय करा, आणि दोन्ही बाजूंचा करा.”

अहवाल आला. दोन्ही खुबे बाधित. डावीकडचा गोल दबला होता. उजवीकडचा अद्याप गोल होता, आणि त्या बाजूला त्याला काहीही दुखत नव्हते.

त्या सात-आठ महिन्यांत चूक कोणाची, याची चर्चा मी करणार नाही. एक चूक मात्र माझी स्वतःची आहे आणि ती मी येथे नोंदवतो. ज्या मुलाला मांडी घालता येत नाही, त्याला मी उद्धट समजलो.

आता हा आजार होतो तरी कसा, हे थोडे समजून घेऊ. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते ओटीपोटाच्या हाडातील वाटीत फिरते. आपले चालणे, बसणे, उठणे, वंदनासाठी वाकणे, सर्व या चेंडूवर चालते. परंतु निसर्गाने या चेंडूच्या रक्ताची सोय फार बेताची केली आहे. हाडाच्या मानेला वेढून वर जाणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्यांवर त्याची बहुतेक भिस्त असते. पेंचच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना ‘टेल’वरचे शेत म्हणजे काय ते ठाऊक असेल. वर कुठे पाट फुटला किंवा गाळ साचला, तर पहिले शेत कोरडे पडते ते शेवटचे. आणि त्याला दुसरीकडून पाणी येत नाही. खुब्याचा गोल हा तसाच टेलवरचा भाग आहे. रक्त थांबले की आतील हाड मरते. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. शरीर ते काढून टाकून नवे बसविण्याचा प्रयत्न करते. परंतु या दुरुस्तीच्या काळातच ते पोकळ होते, आणि वरून माणसाचे सगळे वजन पडतच असते. मग एके दिवशी गोलाचा पृष्ठभाग आतून खचतो. गोल एकदा खचला की तो पुन्हा गोल करणारे औषध जगात कोठेही नाही. हा आजार खचण्यापूर्वी सापडतो की खचल्यानंतर, यावरच पुढचे बहुतेक सर्व अवलंबून असते.

कारणे अनेक आहेत. अपघातात मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा खुबा निखळला, तर रक्तवाहिन्या तुटतात. ते समजण्यासारखे आहे. अपघाताविना होणाऱ्या आजारात स्टिरॉइड आणि मद्य ही दोन कारणे जगभर सर्वांत पुढे आहेत. काहींच्या बाबतीत कोणतेही कारण सापडत नाही. आजारी पडणारे बहुधा तीस ते पन्नास वयाचे, म्हणजे घर चालविणारे असतात. म्हातारपणाच्या सांधेदुखीत याची गणना करू नये.

स्टिरॉइडविषयी मात्र मला काळजीपूर्वक बोलले पाहिजे, कारण अर्धे ऐकून कोणी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या तर अनर्थ होईल. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले की, प्राणवायू लागणाऱ्या कोरोना रुग्णांत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड प्राण वाचविते. त्या चाचणीतील मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस अशी होती. प्रत्यक्षात त्या धावपळीत अनेकांना याहून अधिक, आणि अधिक दिवस, दिले गेले. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर चीन व हाँगकाँगमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत हा खुब्याचा आजार आढळला होता, त्यामुळे जाणत्यांना धास्ती होतीच. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनातून बरे झालेल्या तीन रुग्णांची हकिकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या रुग्णांना दिलेले स्टिरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते, आणि कोरोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच लक्षणे दिसली. पूर्वीची समजूत अशी होती की, एकूण मात्रा २००० मिलिग्रॅमच्या आसपास गेली तर धोका, आणि तोही सहा महिने ते वर्षानंतर. म्हणून या तीन रुग्णांकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले. विशेष म्हणजे त्यांचे निदान लवकर झाले होते आणि उपचार गोळ्यांनी सुरू करता आले.

तेव्हा स्टिरॉइडला शिव्या देऊ नयेत. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत ते अनेकांचे जीवन चालविते, आणि दीर्घकाळ चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते. शिव्या द्यायच्याच असतील तर त्या पुड्यांना द्याव्यात, ज्या ‘जडीबुटीचे रामबाण औषध’ म्हणून सांधेदुखीवर आणि दम्यावर विकल्या जातात. दोन दिवसांत ज्या पुडीने चमत्कार होतो, तिच्यात पुष्कळदा दळलेले स्टिरॉइडच असते.  आपल्या समाजात मद्य नाही असे आपण अभिमानाने म्हणतो. पुड्या मात्र आहेत, आणि त्या आणणारे सुशिक्षित लोक आहेत.

आता नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे असे जे कारण, त्याकडे वळतो. ते म्हणजे सिकलसेल.

आमच्या साड्यांना फॉल आणि पिको करून देणाऱ्या एक ताई पूर्व नागपुरात राहतात. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. टेलवरच्या शेताचा दाखला पुन्हा आठवावा. येथे पाट गाळाने नव्हे, विळ्यांनी अडतो. हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात, त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. त्या मुलीच्या जांघेत सहा महिने दुखत होते, आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी ते नेहमीचेच दुखणे समजून सलाईन लावून आणले. क्रायसिसची कळ काही दिवसांनी ओसरते. हिची कळ ओसरत नव्हती, पाय टाकला की वाढत होती, आणि नेहमी एकाच ठिकाणी होती. हा फरक कोणाच्या ध्यानी आला नाही, कारण दुखण्याची घराला सवय झाली होती. सिकलसेलच्या रुग्णांत खुब्याचा हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तरुण वयात आढळतो, हे त्या आईला कोणी सांगितलेच नव्हते.

सिकलसेल आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. आणि मध्य भारतात तो आहे हे शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. याच शहरात संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांसाठी आपले आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. इतके होऊनही आपल्यासारख्यांच्या मनात ‘हा दुसऱ्यांचा आजार’ अशी एक सोयीची समजूत असते. आपल्या घरी धुणीभांडी करणारी, आपल्या गोदामात गाठी उचलणारी, आपल्या लग्नांत स्वयंपाक करणारी माणसे याच जिल्ह्यांतील आहेत. त्यांच्यापैकी कोणा तरुणाचा पाय लंगडत असेल, तर त्याला सिकलसेलची रक्ततपासणी झाली आहे का, एवढे विचारण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. शासकीय आरोग्यसंस्थांत ही तपासणी होते. विद्राव्यता चाचणीत संशय आला तर पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून निश्चिती करतात.

निदानाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण खरी गोम तेथेच आहे. खुब्याचे दुखणे कोठे जाणवते, असे विचारले तर आपण सर्वजण कमरेच्या बाजूला हात लावू. पुष्कळदा ते तेथे नसतेच. ते जांघेत असते, मांडीच्या पुढच्या भागात उतरते, आणि कित्येकदा केवळ गुडघ्यात जाणवते. खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा एकच असल्यामुळे मेंदूची फसगत होते. गुडघा दुखतो पण गुडघ्यात काही सापडत नाही, असे झाले की खुबा तपासलाच पाहिजे. मांडी घालता न येणे, उकिडवे बसता न येणे, पायातला मोजा घालताना किंवा दुचाकीवरून पाय पलीकडे टाकताना अडणे, ही लक्षणे लंगडण्याच्या फार आधी येतात. सामायिकाला जमिनीवर बसणारा एखादा मध्यमवयीन श्रावक अचानक खुर्ची मागू लागला, तर आपण वय झाले म्हणतो. चाळिशीत वय होत नाही.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे पूर्णपणे स्वच्छ असतो. हाड आत मेलेले असते, पण त्याचा आकार बदललेला नसतो, आणि एक्स-रे ही तर सावली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पेढी आतून बुडालेली असते, पाटी मात्र तशीच चकचकीत असते. या अवस्थेत आजार दाखविणारी खात्रीची तपासणी म्हणजे एमआरआय, आणि त्यात चूक होण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. पुढे एक्स-रेत पांढरट पट्टे व पोकळ्या दिसू लागतात. त्यानंतर गोलाच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ उमटते. ती चंद्रकोर दिसली की हाड खचू लागले असे समजावे. शेवटी गोल चपटा होतो, वाटीही झिजते आणि पूर्ण सांधा संधिवाताने जातो. फिकाट आणि आर्ले या फ्रेंच शल्यविशारदांच्या नावाने या चार पायऱ्या ओळखल्या जातात. आपल्या अहवालावर ‘स्टेज’ असा शब्द असतो तो याच अर्थाने, आणि तो कर्करोगाच्या स्टेजप्रमाणे समजून घाबरून जाऊ नये.

अपघाताविना झालेल्या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजू बाधित असतात. म्हणून दुखरा खुबाच नव्हे, तर दोन्ही खुबे एकाच वेळी पाहावेत. खुब्याचे प्रत्येक दुखणे एव्हीएनच असते असेही नाही. आपल्या देशात खुब्याचा क्षयरोग आजही आढळतो. त्याला रक्ततपासण्या आणि कधी सांध्यातील द्रव काढून पाहावा लागतो. काही वेळा हाड केवळ सुजते आणि काही महिन्यांत आपोआप बरे होते. तो निवाडा तज्ज्ञांनी करावा. आपले काम त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचण्याचे.

आता उपचार. गोल खचलेला नसेल, तर तो वाचविण्याचे प्रयत्न होतात. काठी किंवा कुबडी घेऊन भार कमी करणे, व्यायामोपचार, वजन उतरविणे आणि कारण दूर करणे हे पहिले. अॅलेंड्रोनेट वर्गातील गोळ्या देतात, ज्या हाड पोकळ होण्याची गती कमी करतात. त्यांवर डॉ. अगरवाला यांनी मुंबईत अनेक वर्षे काम केले आणि दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे चांगले निष्कर्ष २०११ मध्ये मांडले. उलट तैवानमधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे मतभेद आहेत, आणि आपल्या डॉक्टरांनी गोळी दिली किंवा नाकारली तरी दोघांपाशी कारणे असू शकतात. ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास काही न खाता ताठ बसायचे किंवा उभे राहायचे, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. उपवासाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना अर्धा तास जड जाऊ नये. सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत.

शस्त्रक्रियेत ‘कोअर डीकम्प्रेशन’ प्रथम येते. मांडीच्या बाजूने एक बारीक बोगदा मेलेल्या भागापर्यंत नेतात. त्यामुळे आतील दाब उतरतो, वेदना कमी होते आणि नवीन रक्तवाहिन्यांना वाट मिळते. कधी त्यात रुग्णाचेच हाड किंवा अस्थिमज्जा भरतात. बाधित भाग लहान असेल तर हे चांगले चालते. मोठा असेल किंवा चंद्रकोर उमटली असेल तर भरवसा कमी. ‘स्टेम सेल’च्या नावाने मोठमोठे आकडे सांगितले जातात, तेथे थोडे थांबून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे असे मी समितीच्या अनुभवावरून सांगेन. सिकलसेलच्या बाबतीत एक बाब आवर्जून सांगतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांत केवळ व्यायामोपचार आणि व्यायामोपचारासह कोअर डीकम्प्रेशन यांचा तीन वर्षांपर्यंतचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसला. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता व्यायाम’ म्हणून हिणवतो, तोही उपचार आहे. फिजिओथेरपीसाठी साहाय्य मागणारा अर्ज मात्र मी आजवर पाहिलेला नाही.

गोल खचला आणि वेदना असह्य झाली, तर सांधा बदलणे हाच मार्ग. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास यशस्वी केलेली ही शस्त्रक्रिया आज नागपुरात सर्रास होते, आणि तिचा गुण विलक्षण आहे. वर्षानुवर्षे न झोपलेला रुग्ण चार दिवसांत चालू लागतो. परंतु बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हांला शिकविले होते की, प्रत्येक यंत्राला घसारा असतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. सत्तरीच्या माणसाला हा आकडा उत्तम आहे. बत्तीस वर्षांच्या मुलाला याचा अर्थ असा की, आयुष्यात दुसरी, कदाचित तिसरी शस्त्रक्रिया उभी आहे, आणि ती पहिल्यापेक्षा अवघड असते. सिकलसेलच्या रुग्णाला भूल, रक्त, पाणी, जंतुसंसर्ग या सर्वांची वेगळी तयारी लागते. रक्तविकारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय अशी शस्त्रक्रिया ठरवू नये.

आणखी एक गोष्ट, थोडी बाजूला जाऊन. कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरील क्रमांकाची चिठ्ठी आपल्या कागदांत चिकटवून घ्यावी. २०१० च्या ऑगस्टमध्ये डीपाय कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू फिरणारा खुबा जगभरातून परत मागविण्यात आला. आपल्या देशात ज्यांना तो बसविला होता, त्यांच्यापैकी अनेकांचा नंतर पत्ताच लागला नाही. आम्ही दोनशे रुपयांच्या चादरीचे बिल जपून ठेवतो आणि शरीरात बसविलेल्या वस्तूचे बिल हरवतो.

आता समितीच्या हिशेबाकडे येतो, कारण बोलण्याचा मूळ उद्देश तोच होता. मी आमची नोंदवही मागे जाऊन पुन्हा वाचली. खुब्याच्या आजारासाठी आलेला जवळजवळ प्रत्येक अर्ज सांधा बदलण्यासाठीचा आहे. आपण लाखांतला काही भाग देतो, शाल-श्रीफळासह धनादेशाचे छायाचित्र निघते, आणि ते योग्यच आहे. परंतु काही हजारांत होणाऱ्या एमआरआयसाठी साहाय्य देण्याची तरतूद आपल्या नियमांत नाही, कारण नियमात ‘रुग्णालयात दाखल असणे’ ही अट आहे. गोल शाबूत असलेला माणूस दाखल नसतोच. तो कामावर असतो. म्हणजे आपला निधी त्याची दखल घेण्यापूर्वी त्याचे हाड खचेपर्यंत वाट पाहतो. हा नियम कोणी वाईट हेतूने केलेला नाही. तो मसुदा मीच लिहिला होता.

विश्वस्त मंडळास माझी लेखी विनंती सादर झाली आहे. तीत तीन गोष्टी मागितल्या आहेत. अस्थिरोगतज्ज्ञांची चिठ्ठी असल्यास दाखल नसलेल्या रुग्णालाही दोन्ही खुब्यांच्या एमआरआयचा खर्च मिळावा. फिजिओथेरपी साहाय्यास पात्र ठरावी. आणि अर्ज करणारा आपल्या समाजाचा असावा ही अट या एका तपासणीपुरती शिथिल व्हावी. तिसऱ्या मागणीवर चर्चा झाली, मतभेदही झाले, आणि ते मला मान्य आहेत. निर्णय मंडळाचा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व आयुष्मान भारतची चौकशी आधी करावी. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, ते कोणता उपचार बसतो हे सांगतात. आपल्या शहरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स अशा तीन मोठ्या शासकीय संस्था आहेत. तेथे रांग असते, हे खरे. परंतु रांगेत उभे राहण्याची लाज आणि आजार लपविण्याची लाज यांत आपण नेहमी चुकीची निवड करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुलाविषयी आपण विचाराल. २०२३ मध्ये त्याचा डावा सांधा बदलला. उजवीकडे बोगद्याची शस्त्रक्रिया झाली असून नंतरच्या तपासण्यांत तो गोल अद्याप गोल राहिला आहे. दुकानातील अर्ध्या भागात मी गादी काढून उंच टेबल आणि त्याच्या मापाचे स्टूल करवून घेतले आहे. तेथून तो पूर्वीइतक्याच साड्या विकतो. जुन्या ग्राहक भगिनींना ते टेबल आवडलेले नाही. पिको करणाऱ्या ताईंच्या मुलीचा एमआरआय झाला. तिचा आजार दुसऱ्या पायरीवर सापडला आणि तिचे व्यायाम सुरू आहेत. तो खर्च आपल्या निधीतून झालेला नाही.

नव्या अर्जाचा कच्चा नमुना संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे. त्यात एक रकाना वाढविला आहे : ‘त्रास प्रथम केव्हा जाणवला, आणि तेव्हा काय करता येईनासे झाले?’ ज्यांच्या घरी किंवा ज्यांच्याकडे कामाला असलेल्या कोणाला असा त्रास असेल, त्यांनी जुने सर्व एक्स-रे, कोरोनाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तरी यावे. मी सायंकाळी दुकान आटोपून तेथे असतो.